फॉरमॅट मारण्याआधी

हळू चालणारा लॅपटॉप दुकानात नेला की साधारण तीनपैकी एक उत्तर मिळतं. फॉरमॅट मारू, रॅम वाढवू, नाहीतर ‘साहेब, आता नवीनच घ्या’. ही तिन्ही उत्तरं कुठल्या ना कुठल्या मशीनसाठी बरोबर असतात. तुमच्या मशीनसाठी त्यातलं कुठलं, हे शोधायला पंधरा-वीस मिनिटं शांतपणे बसावं लागतं आणि काउंटरवर गर्दी असताना दुकानदाराला तेवढी सवड नसते. तुम्ही मात्र बसू शकता. त्यासाठी लागणारं साधन विंडोजमध्ये फुकट आहे. (हा सगळा लेख विंडोजवाल्यांसाठी आहे, कारण आपल्याकडे घरोघरी तेच आहे.)

सुरुवात स्वतःला विचारण्यापासून करा. हळू म्हणजे नेमका कधी हळू? सुरू व्हायला पाच-सात मिनिटं घेतो, पण पुढे बरा चालतो? की सकाळी ठीक असतो आणि तासाभरात अडखळायला लागतो? चार्जर काढल्यावर मंदावतो? ब्राउझर उघडला की बसतो? वर्षानुवर्षं थोडा थोडा मंदावत आलेल्या मशीनचं दुखणं आणि परवापर्यंत पळणाऱ्या मशीनचं दुखणं सहसा एक नसतं. परवापासूनच बिघडला असेल, तर परवा काय बदललं ते आठवा. नवा अँटिव्हायरस टाकला, मोठा अपडेट आला, मुलाने कुठून तरी गेम उतरवला, असं काहीतरी निघतंच.

लॅपटॉप हळू आहे की इंटरनेट, हेही आधीच वेगळं करून घ्या. वाय-फाय बंद करा आणि एखादी वर्डची फाइल, दोन-चार फोटो उघडून बघा. ते पटकन उघडले तर लॅपटॉपला बोल लावू नका. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आयकर विवरणपत्र भरताना पडद्यावर गोल गोल फिरत राहतं, त्याचा तुमच्या रॅमशी काही संबंध नाही.

मग लॅपटॉप एकदा रीस्टार्ट करा. शट डाऊन नव्हे, रीस्टार्टच. ‘मी तर रोज रात्री बंद करतो’ असं सांगणाऱ्यांचं विंडोजही बरेचदा महिनाभर पूर्ण बंद झालेलं नसतं. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली आणि ती बहुतेक लॅपटॉपवर आपोआप चालू असते. शट डाऊन केल्यावर तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आहे त्या अवस्थेत डिस्कवर लिहून ठेवला जातो आणि सकाळी तोच उचलून पुढे चालू होतो. त्यामुळे कुठे काही अडकलेलं असेल तर तेही इमानाने परत येतं. रीस्टार्टमध्ये सगळं मुळापासून सुरू होतं. आपली मशीन शेवटची कधी खरोखर बंद झाली होती, हे पुढे ज्याबद्दल सांगतो आहे त्या टास्क मॅनेजरमध्ये ‘अप टाइम’पुढे दिसतं. रीस्टार्टआधी तिथे बावीस दिवस दिसले तर दचकू नका.

टास्क मॅनेजर उघडायला कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. विंडोज १० वर छोटी चौकट आली तर खाली ‘मोअर डिटेल्स’ दाबा. चालू असलेल्या प्रोग्रॅमची यादी दिसेल आणि तिच्यापुढे चार मुख्य रकाने: सीपीयू, मेमरी, डिस्क, नेटवर्क. मशीन अडखळत असतानाच हे उघडा, चांगली चालत असताना पाहून काही कळणार नाही. दोन-तीन मिनिटं काहीही न करता नुसतं बघत राहा. आकडे वरखाली उड्या मारतात, त्याकडे लक्ष देऊ नका. कुठला रकाना वर जाऊन तिथेच बसून राहतो, एवढंच पाहायचं आहे.

२०१६ ते २०१९ च्या सुमारास घेतलेला, ४ जीबी रॅम आणि १ टीबी हार्ड डिस्कचा लॅपटॉप असेल, तर काय दिसेल ते न बघता सांगता येतं. डिस्कचा रकाना १०० टक्क्यांवर टेकलेला आणि गडद रंगाचा. पण त्याच डिस्कचा प्रत्यक्ष वेग पाहिला तर सेकंदाला जेमतेम एक-दोन एमबी. शंभर टक्के राबतेय आणि काम मात्र नगण्य, हे कोडं वाटतं. हार्ड डिस्कमध्ये खरोखरीची तबकडी असते, लॅपटॉपमध्ये ती बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेते, आणि तिच्यावरून एक सुई पुढेमागे सरकत माहिती उचलते. एकच मोठी फाइल सलग वाचायची असेल तर ती सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास सहज देते. विंडोज सुरू होताना मात्र हजारो लहान लहान तुकडे डिस्कभर विखुरलेले हवे असतात, आणि प्रत्येक तुकड्यापर्यंत पोचायला सुईला दहा-पंधरा मिलिसेकंद लागतात. कचेरीच्या दप्तरखान्यात एकच शिपाई, आणि दर वेळी एकच कागद आणायला त्याला आत पाठवायचं, असा तो प्रकार. चिपवर माहिती साठवणाऱ्या एसएसडीमध्ये फिरणारं काही नसल्यामुळे हा हेलपाटाच संपतो.

इथे घाई करून एसएसडी मागवू नका. शेजारचा मेमरीचा रकाना बघा. रॅम कमी पडली की विंडोज उरलेला पसारा डिस्कवर टाकतं आणि लागेल तसा परत उचलतं. म्हणजे दुखणं रॅमचं आणि कण्हतेय डिस्क. ब्राउझर आणि एक-दोन प्रोग्रॅम उघडल्यावर मेमरी सतत ८५-९० टक्क्यांच्या वर राहत असेल, तर रॅमही वाढवायला हवी. मेमरी ६० टक्क्यांवर निवांत आणि डिस्क मात्र १०० वर असेल, तर रॅमवर पैसे घालू नका. ‘रॅम वाढवली पण फरकच पडला नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रकारच्या मशीनची असते.

दोन्हींपैकी एकच परवडत असेल तर माझं मत सरळ आहे: हार्ड डिस्क असलेल्या मशीनला आधी एसएसडी. जुन्या लॅपटॉपवर केलेला याहून सार्थकी लागणारा खर्च मला माहीत नाही. अगदी साधी साटा प्रकारची, अडीच इंची एसएसडीही सेकंदाला ५०० एमबीपर्यंत वाचते आणि जुन्या हार्ड डिस्कच्याच जागी बसते. फोटो-व्हिडिओंचा साठा बाहेरच्या डिस्कवर ठेवणार असाल तर २५६ जीबीची पुरते, नाहीतर ५०० ची घ्या.

खरेदीला निघण्यापूर्वी टास्क मॅनेजरच्याच ‘परफॉर्मन्स’ विभागात जा. डिस्कच्या नावाखाली एचडीडी किंवा एसएसडी असं लिहिलेलं असतं. तिथे आधीपासूनच एसएसडी असेल, तर वरचे परिच्छेद तुमच्यासाठी नव्हते. मेमरीवर टिचकी मारली की रॅमच्या किती खाचा आहेत, किती वापरात आहेत आणि ‘फॉर्म फॅक्टर’ काय आहे ते कळतं. तिथे ‘सोडिम’ असेल तर रॅम काढता-घालता येते. ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर ती बोर्डावरच झाळलेली आहे. काही मशीनमध्ये तिच्या जोडीला एक मोकळी खाच असते, काहींत तीही नसते. डीडीआर३एल आणि डीडीआर४ एकमेकींच्या जागी बसत नाहीत. म्हणून लॅपटॉप उलटा करून मॉडेल नंबरचा फोटो काढा आणि तो दाखवूनच रॅम मागा. मग तो मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की तालुक्याच्या गावातलं एकुलतं एक दुकान.

डिस्कच्या बाबतीत एक वेगळी शक्यता आहे आणि तिथे वेळ दवडून चालत नाही. मशीन अचानक मंदावली, एखादं फोल्डर उघडताना सगळं गोठतं, पोटातून टक-टक आवाज येतो, अशी लक्षणं असतील तर डिस्क शेवटच्या घटका मोजतेय असं धरून चाला. आधी महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे उतरवून घ्या. आजच. डिफ्रॅगमेंट, दुरुस्तीचे प्रोग्रॅम, असलं काहीही तिच्यावर चालवू नका. त्या ताणानेच ती बसायची. फाइली सुरक्षित झाल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट प्रोग्रॅम डिस्कची तब्येत दाखवतो. ‘गुड’च्या जागी ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ असेल तर डिस्क बदलण्याला पर्याय नाही, आणि त्या डिस्कवर पुन्हा फॉरमॅट मारून देणारा तुमचे पैसे पाण्यात घालतोय.

आता उष्णता. सकाळी ठीक आणि तासाभराने रडकुंडीला येणारा लॅपटॉप जवळजवळ नेहमी तापलेला असतो. प्रोसेसर शंभर अंश सेल्सिअसच्या जवळ पोचला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. हे डोळ्यांनी पाहता येतं. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू. तिथे ‘बेस स्पीड’ म्हणून एक आकडा असतो, समजा २.४ गिगाहर्ट्झ, आणि चालू वेगाचा आकडा सतत बदलत असतो. एखादं जड काम चालू असताना, म्हणजे सीपीयूचा रकाना भरलेला असताना, चालू वेग बेस स्पीडच्या बराच खाली, एक गिगाहर्ट्झच्या आसपास घुटमळत असेल आणि पंखा घोंघावत असेल, तर मशीनचा श्वास कोंडलाय.

खालचं झाकण उघडल्यावर पंखा बहुतेक वेळा वरवर स्वच्छच दिसतो. तेवढं पाहून झाकण लावू नका. पंखा जिथे हवा फेकतो तिथे तांब्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक पात्यांची जाळी असते, आणि पंखा व जाळी यांच्या मधल्या फटीत धूळ, केस, कपड्यांचे धागे यांचा करडा थर साचतो; दोन-तीन वर्षांत तो चिमटीत धरून सोलता येईल इतका जाड होतो. बाहेरून जाळीवर कितीही फुंकलं तरी तो आतच राहतो, पंखा सुटा करूनच काढावा लागतो. हवेचा झोत मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते उलटं भरधाव फिरून पंख्याचं नुकसान होऊ शकतं. घरच्या व्हॅक्युम क्लीनरचं तोंड बोर्डाला लावू नका, स्थिर विजेने चिप जाऊ शकते. प्रोसेसर आणि तांब्याच्या नळीच्या मधली थर्मल पेस्टही चार-पाच वर्षांत वाळून भेगाळते. स्क्रू ड्रायव्हर धरायची सवय नसेल तर दुकानात ‘सर्व्हिसिंग, पंखा साफ आणि पेस्ट बदलून’ असं स्पष्ट सांगा. शक्य असेल तर समोर बसून करून घ्या, म्हणजे तो थर निघताना दिसेल.

नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा पंखा आत ओढतो ती हवाच तापलेली असते. त्या दिवसांत साफ केलेली मशीनही दुपारी थोडी मंदावणारच. जड कामं सकाळी उरकणं हाच उपाय. गादीवर, उशीवर लॅपटॉप ठेवून काम करणाऱ्यांच्या हवेच्या फटी खालून बंद होतात. कडक पाट किंवा एखादं जाड पुस्तकही चालेल. कूलिंग पॅडवर मात्र माझा फारसा भरवसा नाही. आतला थर तसाच असेल तर तो बाहेरून किती वारा घालणार?

चार्जरचा मुद्दा फार कमी लोकांच्या लक्षात येतो. मूळ चार्जर गेला आणि स्वस्तातला आणला, की काही लॅपटॉप त्याला ओळखत नाहीत. सुरू होताना तसा इशारा येतो, पण आपण एंटर दाबून पुढे जातो. मग मशीन जपून वीज वापरायची म्हणून प्रोसेसरचा वेग अर्ध्या गिगाहर्ट्झच्या आसपास बांधून ठेवते. रॅम वाढवा, फॉरमॅट मारा, फरक शून्य. चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर लॅपटॉप जास्त पळत असेल, तर चोर सापडला. उलट, बॅटरीवरच मंदावत असेल तर सेटिंग्जमध्ये पॉवर मोड तपासा, तो ‘बेस्ट पॉवर एफिशियन्सी’वर असण्याची शक्यता आहे. आणि बॅटरी फुगून टचपॅड वर आलेला दिसला, तर वेगाची चर्चा बाजूला ठेवा. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा आणि बॅटरी बदलेपर्यंत पुन्हा लावू नका.

सीपीयूचा रकाना भरलेला असेल तर त्याच्या शीर्षकावर टिचकी मारा, सर्वांत जास्त खाणारा प्रोग्रॅम वर येईल. ‘विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर’ असेल तर अपडेट चालू आहे. महिनाभर न उघडलेला लॅपटॉप उघडला की हे होणारच, त्याला तासभर चार्जरला लावून एकटं सोडा. ‘अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस. तपासणी संपली की तो शांत होतो. त्याच्या जोडीला विकतचे दोन अँटिव्हायरस असतील, एक लॅपटॉपबरोबर आलेला आणि एक दुकानदाराने टाकलेला, तर निदान एक काढा. दोघेही प्रत्येक फाइल तपासतात आणि एकमेकांवरही नजर ठेवतात.

पंखा घोंघावतोय, पण टास्क मॅनेजर उघडताच सगळं चिडीचूप, असं वारंवार होत असेल तर सावध व्हा. तुमच्या विजेवर दुसऱ्या कुणासाठी क्रिप्टो नाणी काढणारे छुपे प्रोग्रॅम असे लपतात. विंडोज किंवा ऑफिस फुकटात चालू करून देणाऱ्या ‘अ‍ॅक्टिव्हेटर’मधून ते येऊ शकतात. विंडोज सिक्युरिटीमध्ये जाऊन ‘ऑफलाइन स्कॅन’ करा. मशीन रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते, तेव्हा त्यांना लपायला जागा कमी असते.

ब्राउझरचं गाऱ्हाणं वेगळं आहे. क्रोम किंवा एज चालू असताना शिफ्ट आणि एस्केप दाबलं की ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कुठला टॅब किती मेमरी खातोय ते कळतं. एकट्या व्हिडिओच्या किंवा मेलच्या टॅबने अर्धा-एक जीबी गिळलेला दिसतो. टॅबपेक्षाही एक्स्टेन्शन तपासा. पीडीएफ बदलणारं, कूपन शोधणारं, कधीतरी एकदा लागलं म्हणून घेतलेलं. नाव ओळखीचं वाटत नसेल तर काढून टाका.

सुरू व्हायलाच वेळ लागणाऱ्यांनी टास्क मॅनेजरचा ‘स्टार्टअप अ‍ॅप्स’ हा विभाग उघडावा. गाणी, मीटिंग, टॉरेंट, प्रिंटरचे मदतनीस यांना ‘डिसेबल’ करा. ते हवे तेव्हा उघडता येतात, पुसले जात नाहीत. टचपॅड, आवाज आणि सुरक्षेचे तेवढे राहू द्या. सी ड्राइव्ह लाल झाला असेल तर सेटिंग्जमधल्या ‘स्टोरेज’मध्ये तात्पुरत्या फाइली काढा, फक्त त्या यादीतला ‘डाउनलोड्स’चा चौकोन टिक झालेला नाही ना, ते बघा. पंधरा-वीस टक्के जागा मोकळी असली की पुरे.

‘एका क्लिकमध्ये लॅपटॉप सुसाट’ म्हणणारे क्लीनर, रॅम बूस्टर, ड्रायव्हर अपडेटर यातलं काहीही घेऊ नका. रजिस्ट्री साफ करणाऱ्या प्रोग्रॅमना खुद्द मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही. एसएसडी डिफ्रॅगमेंट करायची गरज नसते, तिची निगा विंडोज आपोआप ठेवतं. आणि शोधता शोधता एखाद्या पानावर ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा’ असं आलं, किंवा कुणी ‘मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय’ म्हणून एनीडेस्क हा दुरून ताबा देणारा प्रोग्रॅम चालू करायला सांगितलं, तर लगेच फोन ठेवा. मायक्रोसॉफ्ट असे फोन करत नाही. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर विनाविलंब तक्रार करा.

काही मशीनना औषध नसतं, हेही सांगायला हवं. ऑनलाइन शाळेच्या काळात सेलेरॉन प्रोसेसर, झाळलेली ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसी साठा असलेले स्वस्त लॅपटॉप पुष्कळ घरांत आले. त्यात बदलण्यासारखं जवळपास काहीच नाही. दुसरा गट विंडोज १० वाल्यांचा. त्याचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि घरगुती वापरासाठी जाहीर झालेली सुरक्षा अपडेटची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. न बसणाऱ्या मशीनवर आडमार्गाने विंडोज ११ चढवून देणारे आहेत, पण त्या वाटेने गेलेल्या लॅपटॉपला पुढचे अपडेट मिळण्याची हमी नाही. अशा दोन्ही गटांसाठी लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती बघण्यासारखी आहे. मेल, वाचन, युनिकोड मराठी टायपिंग एवढ्यासाठी ती झकास चालते. टॅली किंवा श्रीलिपीवर ज्यांचं पोट आहे त्यांनी मात्र त्या वाटेला जाऊ नये, ती विंडोजचीच सॉफ्टवेअर आहेत.

हे सगळं करूनही भागलं नाही, किंवा एसएसडी नवी बसवलीय, तर मग खुशाल फॉरमॅट. पण त्याआधी एक कागद घ्या. टॅलीचा डेटा, डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचं सॉफ्टवेअर, ऑफिसचा परवाना, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, आउटलुकमधले मेल, हे सगळं कुठे आहे ते लिहून काढा. जुन्या मराठी फाँटांचं फोल्डर कॉपी करायला विसरू नका. युनिकोडपूर्वी टाइप केलेल्या लग्नपत्रिका, संस्थेचे ठराव, हस्तलिखितं त्या फाँटांशिवाय उघडलीत की नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. डिस्कवर बिटलॉकर हे विंडोजचं कुलूप चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून उतरवून घ्या, नाहीतर दुरुस्तीनंतर तुमच्याच फाइली तुम्हाला उघडता येणार नाहीत. दुकानदाराला ‘फक्त सी ड्राइव्ह’ की ‘पूर्ण डिस्क’ हे लिहून द्या.

आणि डिस्क बदलून घेतलीत तर जुनी मागून घ्या. ती तुमची आहे, तिच्यावर तुमचे आधार-पॅनचे स्कॅन आणि बँकेचे कागद आहेत. धडधाकट असेल तर यूएसबी केसिंगमध्ये घाला, ती बाहेरची डिस्क म्हणून चालते. महिना-दोन महिने तिच्यावरचं काहीही पुसू नका. काय राहून गेलं, ते नवीन डिस्कवर कामाला लागल्यावरच कळतं.